कुंपणाची पानं पिवळी पडली तर



पोळा जवळ आला की एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. गटाच्या बैठकीत येतो, फोनवर येतो, आठवडी बाजारात भाजी घेता घेता येतो. "ताई, परसबागेच्या कुंपणाची पानं पिवळी पडली. काय फवारू?" कोणाच्या कुंपणाला मेंदी असते, कोणाच्या जास्वंद, कोणाचा कढीपत्ता. कोणी गिरिपुष्पाच्या फांद्या रोवून जितं कुंपण केलेलं असतं, कोणी मध्ये मध्ये शेवगा आणि कागदी लिंबू लावलेलं असतं. झाड वेगळं, प्रश्न तोच. आणि त्या प्रश्नाचं शेपूटही तेच, "काय फवारू?"

आज आपण प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागावर बोलणार आहोत. पानं का पिवळी पडली हे नीट कळलं, तर दुसऱ्या अर्ध्याची गरज बहुतेक वेळा उरतच नाही. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पंप पाठीवर घेण्याआधी दहा वेळा विचार करायला आपल्याजवळ कारण आहे. त्याकडे पुढे येऊच.

परसबागेचं कुंपण म्हणजे नुसता आडोसा नाही. कढीपत्ता फोडणीत जातो. शेवग्याचा पाला भाजीत जातो. जास्वंदीचं फूल देवाला, मेंदी लेकीबाळींच्या हाताला, गिरिपुष्पाचा पाला शेळीपुढे. लेकरं त्याच रांगेशेजारी खेळतात. त्यामुळे वावरातल्या धुऱ्यावर जे चालून जातं, ते इथे चालत नाही. या रांगेवर जे पडेल, ते आज ना उद्या घरात येतं.

तर आता झाडाजवळ जाऊ. तुमच्या प्रश्नावर आमचा पहिला उलटा प्रश्न असतो, "कोणती पानं?" खालची जुनी, की शेंड्याची नवी? पुष्कळ जणी इथेच थांबतात, कारण लांबून सगळं कुंपणच पिवळं दिसलेलं असतं. पण अर्धं निदान या एका प्रश्नात आहे.

कापूस वेचायला जाणाऱ्या प्रत्येकीनं लाल्या पाहिलेला आहे. पऱ्हाटीला बोंडं धरली, रात्री गार पडायला लागल्या, की खालच्या पानांच्या कडा लाल होतात, मग सगळं पान लाल होतं. पुष्कळांना तो रोग वाटतो. पण तिथे कुठलीही बुरशी नसते की किडा नसतो. बोंडं पोसायला झाडाला एकदम जास्त अन्न लागतं, मुळांना तेवढं जमिनीतून मिळत नाही, मग झाड आपल्याच जुन्या पानांतलं नत्र आणि मॅग्नेशियम काढून वर पाठवतं. घरात धान्य कमी पडलं की म्हातारी माणसं आपल्या ताटातलं लेकरांना वाढतात ना, तसं. जुनं पान रिकामं होतं आणि त्याचा हिरवा रंग जातो.

कुंपणाच्या झाडातही हाच व्यवहार चालतो. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नं झाडाच्या अंगात इकडून तिकडे हलू शकतात. म्हणून ती कमी पडली की खूण आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते. सगळं पान सारखंच फिकट पिवळं झालं, तर नत्र कमी. पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा किंवा लालसर झाला, तर मॅग्नेशियमकडे बघा. कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या, तर पालाश कमी असू शकतं. मुरमाड, उथळ जमिनीत हे जास्त दिसतं. घाटंजी, पुसदकडच्या टेकड्यांच्या उतारावर माती वीतभरच असते आणि पावसाच्या पाण्याबरोबर खत खाली वाहून जातं. अशा ठिकाणी कुंपणाच्या बुडाशी पावसाळ्याआधी टोपलीभर कुजलेलं शेणखत पडलं, तर पोळ्याला प्रश्न विचारायची वेळ येत नाही. कुंपणाला कोणी खत घालत नाही, हे आम्हाला माहीत आहे. वांग्याला घालतात, टमाट्याला घालतात, आणि कुंपण वर्षातून चार वेळा छाटतात. छाटलेला पाला शेळीनं खाल्ला की त्यातलं अन्न त्या जागेवरून कायमचं गेलं. दरवर्षी नुसतं काढत राहिलं तर माती कुठून देणार?

आता दुसरी बाजू. शेंड्याची नवी पानं पिवळी, कधी कधी पार पांढुरकी, पण शिरा हिरव्यागार. जणू हिरव्या दोऱ्यानं पिवळ्या कापडावर जाळी विणली आहे. खालची जुनी पानं मात्र ठीक. ही खूण बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेची असते, आणि आपल्या काळ्या मातीत ती फार दिसते. पाऊस लागून राहिला की सोयाबीनचे पट्टेच्या पट्टे पिवळे पडतात, त्यातलं पुष्कळ पिवळेपण याच जातीचं असतं.

इथे एक गंमत आहे. आपल्या जमिनीत लोह नाही असं नाही. काळ्या मातीत लोह असतं. पण जिथे मातीत चुनखडी जास्त, तिथे ते लोह झाडाला घेता येत नाही. कणगीत ज्वारी आहे, पण झाकणावर दगड ठेवला आहे. आशाताई तुम्हाला सांगतात ना, की जेवल्याबरोबर चहा पिऊ नका, जेवणातलं लोह अंगी लागत नाही? झाडाच्या बाबतीत चुना तेच करतो. आणि झडी लागून माती दिवसेंदिवस ओलीगच्च राहिली, की मुळांचा श्वास कोंडतो आणि चुन्याचा हा त्रास आणखी वाढतो. वणी, मुकुटबनकडच्या बायांना चुनखडीबद्दल वेगळं सांगायला नको, तिथल्या जमिनीच्या पोटातच ती आहे. पण काळ्या मातीत इतरत्रही पांढरे बारीक खडे सापडतात. तुमच्या मातीत चुना आहे का, हे घरीच बघता येतं. मातीचं वाळलेलं ढेकूळ घ्या, त्यावर लिंबाचा रस पिळा आणि कानाजवळ धरा. चुरचुर आवाज आला, बारीक फेस दिसला, तर चुनखडी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. हा चुना प्रत्येक वेळी जमिनीतलाच असतो असं नाही. पुष्कळदा तो आपणच घालतो, आणि घालतो आपल्या घराच्या कामातूनच. पहाटे चूल सारवताना निघालेली राख टोपलीत भरून आपण कुठे टाकतो? कुंपणाच्या बुडाशी. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून निघालेल्या राखेत पालाश असतं, ती वाईट नाही. पानांवर चिमूटभर राख भुरभुरायची जुनी रीतही आहे. पण राख खारी असते. रोज एकाच जागी पडली तर दोन-तीन वर्षांत तिथली माती आणखी खारवट होते. घराला चुना मारताना धुतलेली बादली, बांधकामानंतर उरलेला सिमेंटचा चुरा, हेही तिथेच ओततात. म्हणून आम्ही विचारतो, की पिवळी पडलेली झाडं सगळ्या रांगेत सारखी आहेत, की एकाच टप्प्यात? तो टप्पा राखेच्या ढिगाजवळचा निघाला, तर निदान झालं.

दुसरं म्हणजे मोरीचं पाणी. उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, विहिरी तळाला लागतात, अशा वेळी न्हाणीचं, भांड्यांचं पाणी झाडाला सोडणं हे शहाणपणच आहे. ते बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. पण कपड्यांच्या सोड्याचं, धुण्याच्या पावडरीचं पाणी रोज एकाच झाडाच्या बुडाशी गेलं तर पानांची टोकं आधी जळतात, मग कडा जळतात, आणि माती वाळल्यावर वर पांढरा थर धरतो, कठीण होते. शेंडा पिवळा होत असेल तर तो आणखी पिवळा होतो. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल द्या. साबणाच्या पाण्याची वाट मात्र केळी किंवा अळूच्या आळ्याकडे काढा, आठवड्याआड जागा बदला, आणि मधल्या मध्ये एकदा साधं पाणी भरपूर सोडा, म्हणजे खार खाली निघून जाईल.

लोहाचीच कमतरता आहे का, हे पक्कं करायचं असेल तर सगळ्या कुंपणावर काही मारायची गरज नाही. एकच फांदी निवडा आणि तिला चिंधी बांधा. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, आणि ऊन उतरल्यावर त्या एका फांदीच्या पानांना दोन्ही बाजूंनी लावा. आठ-दहा दिवसांत ती फांदी शेजारच्या फांद्यांपेक्षा हिरवी दिसायला लागली, तर तुमचं निदान बरोबर. नाही दिसली, तर कारण दुसरं शोधायचं. पाच ग्रॅम हिराकसमध्ये जे कळतं, ते पाचशे रुपयांच्या बाटलीतून कळत नाही. हिराकस भिंतीवर, कपड्यांवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. कायमचा उपाय मात्र पानावर नाही, मातीत आहे. पाणी साचू न देणं, राख दुसरीकडे टाकणं, आणि हिराकस शेणखतात मुरवून ते बुडाशी देणं.

शिरांचं आणखी एक सांगून ठेवतो. भेंडीवरचा हळद्या तुम्ही पाहिला असेल. तिथे उलटं असतं. शिरा पिवळ्या होतात आणि मधलं पान हिरवं राहतं, पुढे सगळंच पिवळं होतं. तो विषाणूचा रोग, पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. शिरा हिरव्या तर अन्नाचं बघा, शिराच पिवळ्या तर रोगाचं बघा, हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. विषाणूचं झाड औषधानं बरं होत नाही, ते उपटून टाकावं लागतं.

आता पान उलटं करा. हे काम आपण करत नाही, आणि सगळी मौज पानाच्या मागच्या बाजूला चाललेली असते.

जास्वंदीच्या कुंपणाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण जास्वंद ही पऱ्हाटीची सख्खी चुलत बहीण आहे. पऱ्हाटी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद एकाच घराण्यातल्या. त्यामुळे त्यांचे पाहुणेही सारखे. तुडतुडे पऱ्हाटीवर आले की जास्वंदीवर येतात. पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग खाली वळलेल्या, मग लालसर. पान हलवलं की हिरवट बारीक किडे तिरके चालतात. मावा आला तर पान चिकट लागतं आणि काही दिवसांनी त्या चिकट्यावर काळी काजळी धरते. काजळी बोटानं पुसली जाते, ही तिची खूण. ती बुरशी पानाला खात नाही, चिकट्यावर जगते. मावा गेला की तीही जाते. म्हणून काजळीसाठी वेगळं औषध विकत घ्यायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

आणि पिठ्या ढेकूण. पांढरा, कापसाच्या बोळ्यासारखा, फांदीच्या बेचक्यात बसलेला. २००७ च्या सुमारास हा किडा आपल्याकडच्या कपाशीवर एकदम दिसायला लागला आणि सगळे हादरले. मूळचा तो अमेरिकेकडचा. तो जास्वंदीवर राहतो, गाजरगवतावर राहतो, आणि पऱ्हाटी उपटली की हंगाम नसतानाचे महिने अशाच झाडांवर काढतो. तुमच्या परसातलं कुंपण हे त्याचं उन्हाळ्याचं घर असू शकतं. जास्वंदीचे शेंडे गोळा झालेले, पानं पिवळी आणि आखडलेली दिसली, वर मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर बेचकं उघडून बघा. मुंग्या गोड चिकट्यासाठी येतात आणि या किड्यांना राखतातही.

पण जरा थांबून बघा. त्या पांढऱ्या ढेकणांत काही तपकिरी, फुगलेले, कडक झालेले दिसतात का? त्यांच्या पोटात एनासियस नावाच्या मुंगीएवढ्या बारीक माशीची अळी असते. ही माशी पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. असे तपकिरी ढेकूण दिसले तर काम तुमच्यासाठी कोणीतरी आधीच सुरू केलं आहे. त्या वेळी विष मारलं, तर माशी आधी मरते आणि मेणाचं पांघरूण घेतलेला ढेकूण वाचतो. फार भरलेल्या फांद्या कापून जाळून टाका, नाल्यात किंवा रस्त्यावर फेकू नका. उरलेल्यांवर पाण्याची जोराची धार मारा. तेवढ्यानं भागलं नाही तर पाच लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून संध्याकाळी फवारा आणि सकाळी साध्या पाण्यानं धुवा. साबण मातीत वाईट म्हणालो, मग पानावर कसा चालतो, असं तुम्ही विचाराल. पानावर तो थोडा असतो, एकदाच असतो, आणि धुतला जातो.

उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या कुंपणाचं दुखणं वेगळं. पान धुळकट, निस्तेज, आणि जवळून बघितलं तर सुईनं टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके. हा लाल कोळ्याचा उद्योग. डोळ्यांना सहसा दिसत नाही. वहीचा पांढरा कागद पानाखाली धरा आणि फांदीला टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालायला लागले, तर कोळी. नाही चालले, तर धूळ. वणीकडे कोळशाच्या गाड्या जातात त्या रस्त्यांवर काळी धूळ पानांवर इतकी बसते की पानाला ऊनच लागत नाही. धूळ आणि कोरडी हवा कोळ्याला मानवते. दोन्हीला औषध एकच, संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडणं. तेही पाणी असेल तर, हे आम्हाला कळतं.

काही पिवळेपण मुळातून येतं. मेंदी हे कोरड्या रेताड मुलखातलं झाड. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतकडे तिची शेती होते, तिथे पाऊस किती तो! आपल्या चिकण काळ्या मातीत झडीच्या दिवसांत तिच्या मुळांशी पाणी तुंबलं की मुळं कुजतात. मग एकेक झाड अख्खंच्या अख्खं मलूल होतं, पानं पिवळी होऊन गळतात, आणि पाणी असूनही झाड तहानलेलं दिसतं. बायका काय करतात, तहानलेलं दिसतं म्हणून आणखी पाणी घालतात. त्याआधी बुडाशी वीतभर उकरा. मूळ पांढरं आणि कडक असेल तर ठीक. तपकिरी, मऊ, साल सुटणारं, वास येणारं असेल तर कुज. मेलेलं झाड मुळासकट काढा, रांगेच्या बाजूनं पाणी निघून जायला दांड पाडा, आणि त्या जागी लगेच दुसरी मेंदी लावू नका. मूळ पोखरलेलं आणि मातीच्या नळ्या दिसल्या तर ती उधई.

मग येतं तणनाशक. गेल्या काही वर्षांत निंदणाला मजूर मिळत नाहीत म्हणून वावरात तणनाशक मारणं खूप वाढलं आहे, आणि त्याबरोबर कुंपणाची नवीच दुखणी आली आहेत. खुणा अशा. वाऱ्याच्या बाजूचीच पानं बिघडलेली, घराच्या बाजूची चांगली. एका प्रकारच्या तणनाशकानं एक-दोन दिवसांतच थेंब पडले तिथे भाजल्यासारखे डाग पडतात. दुसऱ्या प्रकारानं आठवडा-दीड आठवडा काही कळत नाही, मग नवे शेंडे पिवळे-पांढरे, बारीक, झुबक्यानं येतात. तिसऱ्या प्रकारानं पानं लांबट, फाटकी, बोटांसारखी होतात. टू-फोर-डी नावाचं तणनाशक हे करतं आणि पऱ्हाटीला तर ते अजिबात सोसत नाही. ते पंपात राहूनही त्रास देतं. तणनाशक मारलेला पंप नुसता खंगाळून त्यानंच दुसरं काही फवारलं की पानं वाकडी झालीच. तणनाशकासाठी पंप वेगळा ठेवायचा, त्यावर रंगानं खूण करायची. शेजारच्या वावरातून उडून आलं असेल तर भांडण करण्याआधी बाधलेली पानं दाखवा आणि पुढच्या वेळी वारा पडल्यावर मारायला सांगा. अशा झाडाला कुठलंच औषध नाही. बाधलेले शेंडे छाटायचे, पाणी द्यायचं आणि वाट बघायची. पण बाधलेल्या फांद्यांचा पाला शेळीला घालू नका आणि त्या कढीपत्त्याची पानं फोडणीत टाकू नका.

आणि काही पिवळेपण म्हणजे काहीच नाही. फाल्गुनात गिरिपुष्प पानं टाकतं, सीताफळ टाकतं. कढीपत्त्याची सर्वांत खालची चार पानं पिवळी होऊन गळणारच. छाटणीनंतरची कोवळी फूट पुष्कळ झाडांत तांबूस येते, ती आठ दिवसांत हिरवी होते. यावर कोणी बाटली विकायला आलं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता सुरुवातीला म्हणालो ते कारण. २०१७ साली, पावसाळ्याच्या शेवटच्या महिन्यांत, आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात होते. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या दिवसांत कोणाचं ना कोणाचं माणूस भरती होतं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि दोन-तीन विषं एकत्र कालवून मारली जात होती. हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. पाणी भरून देणाऱ्या, फवाऱ्याचे कपडे धुणाऱ्या आपणच होतो.

त्याच बाटल्या आजही सपरीत, वळचणीला असतात. कपाशीला मारून उरलेलं बोटभर औषध वाया कशाला घालवायचं म्हणून ते कुंपणावर जातं. घरच्या माणसाला सांगितलं की "जरा कुंपणालाही मारून द्या", की तो पंपाच्या तळाशी उरलेलं तिथेच रिकामं करतो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला सरकारनं २००५ मध्येच बंदी घातली होती, तरी ते परसातल्या वांग्यावर आणि कढीपत्त्यावर पडत राहिलं. बाटलीच्या लेबलावर ज्या पिकाचं नाव नाही, त्या पिकावर ते मारायचं नसतं. आणि कुंपणाचं नाव कपाशीच्या बाटलीवर नसतं. लेबलावरचा चौकोन बघा. त्यात लाल खूण असेल तर ते सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळी, मग निळी, मग हिरवी. हिरवी म्हणजेही दूध नव्हे.

कोणाला फवारणीनंतर मळमळ, उलटी, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, अंगाला थरथर असं काही झालं, तर लिंबू-सरबत देत बसू नका. ओले कपडे काढा, अंग साबणानं भरपूर पाण्यात धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल बरोबर घ्या. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. कोणतं विष आहे हे डॉक्टरला कळलं तर अर्धा तास वाचतो.

किड्यासाठी काही मारावंच लागलं तर निंबोळी आहे. जून-जुलैत गावातल्या कडुनिंबांखाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि गाई-म्हशींच्या पायाखाली जातो. गटानं मिळून गोळा करा, गर धुऊन सावलीत वाळवा. अर्धा किलो निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, त्यात वीस ग्रॅम साबण मिसळा आणि दहा लिटर पाणी करा. तेवढ्यात एक पंप होतो. अर्क त्याच दिवशी वापरायचा, ठेवायचा नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांवर तो चालतो. लोह कमी असेल, मूळ कुजलं असेल, तणनाशक उडालं असेल, तर निंबोळीही काही करणार नाही, आणि तुम्ही उगाच तिला नावं ठेवाल.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर मातीकडे वळायचं. शेताची मृद आरोग्य पत्रिका पुष्कळ घरांत आहे, २०१५ पासून ती योजना चालू आहे, पण परसबागेची माती कोणी तपासत नाही. कुंपणाच्या रांगेत पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या, प्रत्येकातून मूठभर माती काढा. राखेच्या ढिगाची आणि उकिरड्याजवळची माती घेऊ नका. सगळी एकत्र करून सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या पोत्यात भरली तर तपासणी खताचीच होईल. मातीचा सामू, म्हणजे ती किती खारी आहे ते, आणि लोह, जस्त, पालाश किती आहे ते त्यात कळतं.

झाड दाखवायला कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाकडे जाणार असाल, तर एक पिवळं पान पदराला बांधून नेऊ नका. बिघडलेली फांदी शेंड्यापासून जुन्या पानापर्यंत अख्खी न्या, बरोबर त्याच झाडाची एक चांगली फांदीही न्या, आणि जमलं तर बोटभर मूळ. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आत घाम येऊन पान कुजतं. सकाळी तोडा आणि त्याच दिवशी दाखवा. जाणं होत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. बोलताना झाड कोणतं, खालची पानं की वरची, शिरा हिरव्या की पिवळ्या, पान उलटं केल्यावर काय दिसलं, आणि बुडाशी काय काय पडतं, एवढं सांगा. राखेचं सांगायला विसरू नका.